घिली

पंपाचं काम दोन दिवसांत आटपलं.
तिसरा दिवस तिकिटात उरला,
आणि त्याच सकाळी, तिबिलिसीत,
लिफ्टच्या जाळीत अडकून
कोटाचं मधलं बटण गेलं.
टप्, टप्,
मग सात मजले काहीच नाही.

घरून निरोप होता : तिथलं काहीतरी आण.
तिथलं म्हणजे काय, ते लिहिलं नव्हतं.

काउंटरवरच्या तेकलेला मी
कोटावर उरलेला दोऱ्याचा शेंडा दाखवला.
"घिली," ती म्हणाली.
घिली, मी म्हणालो.
"नाही, घशातून. खाकरल्यासारखं."
खाकरलो. तिनं मान डोलवली,
म्हणजे : चालेल, पण फार बोलू नका.

दुकानांत सगळं होतं.
द्राक्षाच्या रसात बुडवून वाळवलेल्या
अक्रोडांच्या माळा, मेणबत्त्यांसारख्या टांगलेल्या,
शिंगांचे पेले, लोकरी टोप्या,
चुंबकावर चिकटलेलं चर्च.
वाइनचा घोट फुकट,
आणि घोट घेणाऱ्याकडे बघणं, तेही फुकट.
मी घशातून म्हणायचो, घिली,
आणि समोरच्या चेहऱ्यावरचं दुकान
खटकन मिटायचं.

पाहुण्याला बटण लागत नाही.
पाहुण्याला आठवण लागते, खोक्यातली, न फुटणारी.
बटण त्याला लागतं
ज्याला उद्याही इथंच थंडी वाजणार आहे.

एकानं हातानं पूल दाखवला.
त्याला कोरडा पूल म्हणतात; खालून गाड्या वाहतात.
वर कठड्याला टेकून
चादरींवर घरंच्या घरं मांडलेली :
पदकं, दातांच्या डॉक्टरचे चिमटे,
नुसतं काळं सैन्य असलेला बुद्धिबळाचा डबा,
सहातले पाच पेले,
कुणाच्या तरी लग्नाचा फोटो
(किंमत फ्रेमची).
कानात पिवळा बिल्ला टोचलेलं कुत्रं
दोन चादरींच्या मध्ये, विकायला नसलेलं.

आणि लामारा.
छातीवर बोट ठेवून तिनं नाव सांगितलं
आणि बिस्किटांचा डबा उघडला.
आत हात फिरला की
ओढ्यातल्या गारगोट्यांसारखा आवाज.
नांगर कोरलेली खलाशांची, शाळेच्या गणवेशाची,
एक सशाच्या तोंडाचं, बाळाच्या स्वेटरवरचं.

आमच्याकडे पूर्वी गुंडी म्हणायचे.
तो शब्द मी सहज तिच्या डब्यात टाकून पाहिला.
हसली ती. कशालाच बसला नाही.

जुळणारं मिळालं नाही. तपकिरी मिळालं,
काळ्या कोटाला, जरा मोठंच.
मी पाकीट काढेपर्यंत
तिनं सुई ओवली होती,
आणि कोट माझ्या अंगावरच होता.

अंगावरचं शिवू नये, आई म्हणायची.
हे मी मराठीत म्हणालो असणार.
लामारानं दोऱ्याचा तुकडा तोडला
आणि माझ्या दातांत दिला.
धरून ठेव.
तिच्याही आईनं काहीतरी सांगितलं असणार.

पाच लारी, तिनं पंजा दाखवला.
शेजारचा पदकवाला शाल्वा ओरडला, दोन!
मग ते भांडले.
लवकरच ते बटणाचं राहिलं नाही;
त्यात वीज नसलेला कुठला तरी हिवाळा आला असावा,
कुणाचा तरी परत न दिलेला स्टोव्ह.
मी मध्ये उभा, छातीशी सुई,
तोंडात दोरा, घासाघीस करायला जीभ नाही.

बटण काजातून जाईना.
तिनं नखाएवढ्या कात्रीनं
काजाचे दोन धागे तोडले,
माझी परवानगी न घेता,
आणि कॉलर ओढून बघितली,
जसं आपण आपल्या माणसाचं बघतो,
थोडं रागावून.

पाच दिले. शाल्वा हताश झाला.

पूल उतरताना भाजीची पिशवी घेतलेल्या बाईनं
मला थांबवून काहीतरी विचारलं,
पत्ता असावा, किंवा वेळ.
मी उत्तर द्यायला तोंड उघडलं
तेव्हा कळलं, दोरा अजून दातांतच आहे.
मी नदीकडे हात केला.
ती तिकडे गेलीसुद्धा.